हरल्याची बातमी

आमच्या मेट्रनबाईंचं नाक डावीकडे वाकलेलं होतं. ते कसं वाकलं हे त्या प्रत्येकाला वेगळं सांगत. इजिप्तच्या डॉक्टरांना सांगत, सायकलवरून पडले. फिलिपिनो नर्सेसना सांगत, पहिल्या नवऱ्याने दार उघडलं आणि मी दारामागे होते. वॉर्डातल्या बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळ्यांच्या, बायकांनी विचारलं की हातवारे करून उंटाने लाथ मारल्याचं दाखवत, आणि त्या बिचाऱ्या गालाला हात लावून हळहळत. खरं कारण मला कळलं ते सौदीत, तबूकला येऊन वर्ष होत आल्यावर, आणि तेही कबड्डीमुळे.

मी कोकणातल्या खेडची. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात असतो, पण तो बहुतेक पुरुष. मी नर्सिंग करून तबूकच्या हॉस्पिटलात लागले तेव्हा माझा नवरा जेद्दाला, बलद नावाच्या जुन्या बाजारात, अत्तराच्या दुकानात होता. एकाच देशात असून आमची गाठ पडायची ती ईदला. मी हॉस्टेलवर राहायचे. बाईंनी त्या काळात मला सांभाळलं हे खरं, पण त्यांची सांभाळायची तऱ्हा अशी, की सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई आपल्याला पहिल्या विमानाने परत धाडणार.

त्या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, कोळशाच्या खाणींच्या एका गावच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, पांढरे केस पोरांसारखे बारीक कापलेले. लिफ्ट कधी वापरत नसत. चहात इतकं दूध घालत की त्याला चहा म्हणणं जिवावर यावं. आणि बोलत ते इंग्रजी आम्ही शाळेत शिकलो त्यातलं नव्हतंच. माझ्या शेजारच्या खोलीतली केरळची नर्स म्हणायची, "बाई काय म्हणाल्या ते कुणीतरी इंग्रजीत सांगा गं." शिवाय त्या सगळ्यांना 'लव्ह' म्हणत. मला, झाडूवाल्याला, रक्त तपासायला येणाऱ्या माणसाला, आणि एकदा चुकून खुद्द मुदीरना, म्हणजे आमच्या संचालकांना. ते लाल झाले. बाईंना काही कळलंच नाही. नंतर मी त्यांना समजावलं तर म्हणाल्या, "मग काय म्हणू? आमच्या गावात बसचा कंडक्टरही असंच म्हणतो." आपल्याकडे "अरे बाबा" म्हणतात त्यातला तो प्रकार. पण मुदीर त्यानंतर बाई दिसल्या की वाट बदलत.

नव्या नर्सेसना पेशंट उचलायला त्या स्वतः शिकवत. उगाच कंबर वाकवून उचलायला गेलात की मागून गर्जना यायची. "डोकं बाजूला! पाठ सरळ! खांदा खाली, जोर मांड्यांतून!" माझी पाळी आली तेव्हा मी एका जाडजूड माणसाला सहज उचलून बसवलं. बाई माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "हे कुठे शिकलीस?"

"घरी. माझा भाऊ कबड्डी खेळायचा. समोर कुणी नसलं की अंगणात माझ्यावरच पकडीचा सराव करायचा."

"कबड्डी म्हणजे?"

चहाच्या खोलीत मी टेबलावर बिस्किटं मांडून त्यांना कबड्डी सांगितली. एक बिस्किट पलीकडे जातं, बाकीची त्याला धरून पाडतात. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. शेवटी चढाई करणारं बिस्किट त्यांनी उचलून खाल्लं आणि म्हणाल्या, "म्हणजे हा माझाच खेळ. तुम्ही फक्त बॉल विसरलात."

त्यांचा खेळ म्हणजे रग्बी. पण रग्बी नुसतं म्हटलेलं त्यांना चालत नसे. पंधरा जणांची ती साहेबलोकांची. बाईंची तेरा जणांची, खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्यांची. तिला रग्बी लीग म्हणायचं. बॉल हातात घेऊन पळायचं, आणि समोरच्यांनी तुम्हाला मिठीत धरून पाडायचं. सहा वेळा पाडलं की बॉल मुकाट्याने त्यांच्या हवाली करायचा. पास द्यायचा तो फक्त मागे. बाईंनी हे सगळं मला गुंडाळलेल्या टॉवेलने शिकवलं, त्याच खोलीत, आणि औषधांचा फॉर्म घेऊन आलेला फार्मासिस्ट मध्ये सापडून भिंतीवर आदळला.

त्या दिवशी नाकाची खरी गोष्ट कळली. ते त्यांच्या थोरल्या भावाने मोडलं होतं. बाई शाळकरी, भाऊ पुढे गावाच्या संघात नाव काढणार होते, आणि अंगण दोघांचं एकच. त्यांचं कोपर लागलं. भळाभळा रक्त. दोघांनी आईला सांगितलं, जिन्यावरून पडली.

"आईला पटलं?"

"आमच्या घराला जिना नव्हता, लव्ह."

भाऊ पुढे बरीच वर्षं खेळले. सगळ्यांत पुढे राहून अंगावर माणसं घ्यायची, अशी त्यांची जागा. त्याची किंमत उतारवयात द्यावी लागली. डोक्याला बसलेले मार जमत जमत गेले आणि साठी उलटल्यावर त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. आता ते त्यांच्याच गावातल्या एका वृद्धाश्रमात होते. लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे बाईच. सामना असला की बाई त्यांना व्हिडिओ कॉल लावत. ते तिकडे टीव्हीसमोर, या इकडे लॅपटॉपसमोर, फोन बाजूला उभा केलेला. बोलत फारसं नसत. मध्येच भाऊ "हं" म्हणायचे, बाई "हं" म्हणायच्या. खेळ सुरू असेपर्यंत त्यांना सगळं लख्ख आठवे.

मग आमच्या वॉर्डात एक नवी नर्स आली. न्यूझीलंडहून, पण मूळची सामोआची. सामोआ हा प्रशांत महासागरातला लहानसा बेटांचा देश आहे हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कँटीनमधल्या हैदराबादी भाईंनी तिने देश सांगितल्यावर तिच्यासमोर दोन समोसे आणून ठेवले. ती हसली आणि दोन्ही खाल्ले. दारातून आत येताना वाकावं लागेल इतकी उंच, आणि आवाज इतका मऊ की कान द्यावा लागे. बाईंनी तिला पहिला प्रश्न केला, "लीग बघतेस का?" ती म्हणाली, "माझे तीन मामा खेळलेत." बाईंनी तिला तिथेच, मेडिसिनच्या ट्रॉलीसमोर, घट्ट मिठी मारली.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी रग्बी लीगचा वर्ल्ड कप इंग्लंडमध्ये होता. पहिलाच सामना इंग्लंड आणि सामोआचा, आणि इंग्लंडने सामोआचा पार धुव्वा उडवला. बाई आठवडाभर चहाच्या थर्मासला लहानसा झेंडा चिकटवून फिरत होत्या. सामोआची मुलगी काही बोलत नसे. फक्त एकदा म्हणाली, "स्पर्धा संपलेली नाही, मॅडम."

नाहीच संपली. सेमीफायनलला तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले.

तो शनिवार होता, सुट्टीचा. संध्याकाळी हॉस्टेलच्या हॉलमध्ये बाईंनी लॅपटॉप टीव्हीला जोडला, बाजूला फोनवर भाऊ. आम्ही दहा-बाराजणी जमलो होतो, केरळच्या, फिलिपिन्सच्या, मी एकटी कोकणातली. कुणाला खेळ कळत नव्हता, पण बाईंचा चेहरा कळत होता. मध्यंतरात भाऊ खुर्चीतच झोपी गेले. आश्रमातल्या काळजी घेणाऱ्या बाईने फोन बंद केला.

पुढचं मला अजून दिसतं. सामोआ पुढे, मग इंग्लंड बरोबरीला, पुन्हा सामोआ, आणि अगदी संपता संपता पुन्हा बरोबरी. जादा वेळ. आता जो पहिला गुण मिळवेल तो जिंकला. आणि सामोआच्या एका पोराने बॉल जमिनीवर टेकवता टेकवता किक मारली ती दोन खांबांच्या मधून गेली. एका गुणाने खलास. ज्यांना महिनाभरापूर्वी पायदळी तुडवलं होतं त्यांनीच इंग्लंडला त्यांच्या घरात घरी बसवलं.

सामोआची मुलगी उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड दाबून ती रडत होती. आनंद करावा की नाही हे तिला कळत नव्हतं, कारण बाई समोर होत्या. बाईंनी लॅपटॉप मिटला, तार गुंडाळली, "गुड नाइट, लव्ह" म्हणाल्या आणि गेल्या. घड्याळात धड आठही वाजले नव्हते.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सगळ्या धसका घेऊनच ड्यूटीवर आलो. बाई आधीच येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "कॉरिडॉरमध्ये दोन ओळी करा. समोरासमोर." आम्ही केल्या. रात्रपाळीच्या, दिवसपाळीच्या, सगळ्या. तेवढ्यात सामोआची मुलगी जिन्यातून वर आली आणि आम्हाला बघून थबकली.

"हरलेल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे ही रीत आहे. चल, ये मधून."

ती खाली मान घालून आमच्या मधून चालत गेली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात बाईंनी. खोली क्रमांक चारमधले एक बदू आजोबा सलाइनचा स्टँड ढकलत दारात आले, तेही एका हाताने मांडीवर टाळी देऊ लागले, आणि मला विचारू लागले, "मीन अल-अरूस?" म्हणजे, नवरी कोण?

आठवडाभर हॉस्पिटलात हीच गोष्ट चालली होती. मुदीरसुद्धा बाईंना समोरून भेटून "माशाल्ला" म्हणाले. कसं हरावं ते या बाईकडून शिकावं, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

गुरुवारी दुपारी मी चादरी आणायला लिननच्या खोलीत गेले. बाई तिथे होत्या. घड्या घातलेल्या चादरी उलगडून पुन्हा घड्या घालत होत्या.

"मॅडम, काय झालं?"

"काही नाही." मग हातातली चादर बाजूला ठेवून, "मी त्याला जिंकलो म्हणून सांगितलंय."

"कुणाला?"

"भावाला. रविवारी फोनवर त्याने विचारलं, जिंकलो ना आपण? आणि मी हो म्हणाले."

ते भाऊ आता आश्रमभर सांगत सुटले होते की आपण फायनलला आहोत. कपाटातून संघाची जुनी जर्सी काढून घातली होती आणि अंगातून उतरवू देत नव्हते. आंघोळीलाही नाही. कुणी खरं सांगायला गेलं तर अंगावर धावून जात. माझी बहीण खोटं बोलणार नाही, म्हणत. तिथल्या बाईने त्याच सकाळी फोन करून सांगितलं होतं, तुम्हीच सांगितलंत, आता शनिवारी फायनल लागायच्या आत तुम्हीच बघा.

"मग सांगा ना खरं."

"तुला सोपं वाटतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "त्याच्याकडे आता काय उरलंय? घर आठवत नाही. आई गेली हे आठवत नाही, तीन वेळा मी त्याला नव्याने सांगितलं आणि तीन वेळा तो नव्याने रडला. आता हेही मीच सांगू? कुणाला बोलू नकोस हे."

मी बोलले. सामोआच्या मुलीला, त्याच संध्याकाळी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच काही तिच्या तोंडून आलं.

"म्हणजे त्या आजोबांना वाटतंय की आम्ही हरलो?"

"अगं, ते आजारी आहेत."

"असू देत. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा तिथवर पोचलोय. माझी आई अजून रडतेय. आणि एका माणसाला वाटतंय आम्ही हरलो?" ती हसत होती, पण चेष्टेत बोलत नव्हती. "मी सांगते त्यांना."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही दोघी बाईंच्या दारात उभ्या राहिलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं तेव्हा पाय मागे घ्यावेसे वाटले. सामोआची मुलगी म्हणाली, "मॅडम, ही आमची जीत आहे. तुम्ही ती लपवू शकत नाही." बाईंनी दारावरचा हात काढला. मग बाजूला झाल्या.

फोन लागला. भाऊ खुर्चीत बसले होते. लाल-पांढरी जर्सी पोटावर ताणलेली, कॉलर मळलेली, केस ओले करून विंचरलेले. बाईंसारखाच रुंद चेहरा.

"ही कोण दांडगी पोरगी?" त्यांनी विचारलं.

"मी सामोआची," ती म्हणाली. "गेल्या शनिवारी आम्ही तुम्हाला हरवलं."

बाईंनी माझं मनगट धरलं. तिकडे भाऊ खुर्चीत पुढे सरकले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "कितीने?"

"एकाने. जादा वेळेत."

"किक?"

"किक."

"लांबून?"

"बऱ्यापैकी लांबून. आणि समोर तुमचे तिघे धावून येत होते."

भाऊंनी डोळे मिटले. ते ती किक बघत होते, हे स्पष्ट दिसत होतं. डोळे उघडून म्हणाले, "थांब. पहिल्या सामन्यात आम्ही तुमचं भरीत केलं होतं ना?"

"केलं होतं."

"आणि तरी परत आलात?"

"आलो."

भाऊंनी मान हलवली आणि हळूहळू टाळ्या वाजवायला लागले. मोठे, बोटं वाकडी झालेले हात. तिकडची काळजी घेणारी बाई आत डोकावली, तिला म्हणाले, "उभी काय राहिलीस, वाजव! यांनी आम्हाला हरवलंय." मग त्यांचं लक्ष आपल्या बहिणीकडे गेलं.

"आणि तू मला जिंकलो म्हणून सांगितलंस?"

"हो."

"का?"

"तू रडशील म्हणून."

"मी हरल्यावर कधी रडलोय? रडायचीस तू. मी हरून यायचो आणि तू जेवायची नाहीस. मलाच तुझी समजूत घालावी लागायची, माझ्याच हरण्याबद्दल." त्यांनी जर्सी गळ्यातून ओढायला सुरुवात केली. "ही काढा रे. भिजलीय घामाने. उद्या मी हिच्या बाजूने आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी फोन केला तेव्हा ते सगळं विसरले होते. "जिंकलो ना आपण?" त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, हरलो. कितीने? एकाने. किक? किक. आणि भाऊंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा विचारत, बाई खरं सांगत, आणि ते दर वेळी नव्याने हरत आणि दर वेळी तितक्याच मनापासून टाळ्या वाजवत. बाई मला म्हणाल्या, "आई गेल्याचं सांगताना मला वाटायचं, प्रत्येक वाईट बातमी त्याला तशीच लागणार. मी त्याला विचारलंच नाही गं, तुला काय झेपतं म्हणून."

फायनलला सामोआ ऑस्ट्रेलियाकडून हरलं. सामोआची मुलगी त्या दिवशी मात्र हमसून रडली. बाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. दुधाळ चहाचा कप तिच्या हातात दिला आणि ती तो पिईपर्यंत हलल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी बाई राजीनामा घेऊन मुदीरच्या ऑफिसात गेल्या. ऑफिस रिकामं. सगळं हॉस्पिटल टीव्हीसमोर होतं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये सौदीने अर्जेंटिनाला हरवलं तोच हा दिवस. पेशंट पलंगांवर उठून बसले होते, चार नंबरचे आजोबा काठी नाचवत होते, आणि बाहेर तबूकच्या रस्त्यांवर पोरं गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर येऊन हिरवे झेंडे फडकवत हॉर्न वाजवत होती. मुदीर धावत आले, बाईंच्या हातातला कागद न वाचताच बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, उद्या सुट्टी! राजेसाहेबांनी जाहीर केलीय!" बाईंनी तो कागद गुरुवारी पुन्हा नेला.

"इतकी वर्षं काढलीत इथे," मी म्हणाले. "जमेल तिकडे?"

"थंडीचा प्रश्न आहे. बाकी बघू."

त्या गेल्या. त्यांच्या जागी एक शिस्तीची, चांगली बाई आली, जी आम्हाला 'सिस्टर' म्हणते आणि लिफ्टने येते. सामोआची मुलगी करार संपल्यावर ऑकलंडला परतली. मी अजून इथेच आहे. माझ्या नवऱ्याने बलदमधलं काम सोडून तबूकला फळांच्या मंडईत नोकरी धरली, आणि आम्हाला एकत्र राहायला घर मिळालं.

गेल्या ईदला मी बाईंना फोन लावला. त्या भावाला आश्रमातून घरी घेऊन आल्यात, गावातच, लहानशा घरात. फोन भाऊंनी उचलला.

"कोण?"

मी सांगितलं, तबूकहून बोलतेय, सौदी अरेबियाहून, मी नर्स आहे.

"अरे वा, माझी बहीण तिकडेच असते! नर्सच आहे. तू ओळखतेस का तिला?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता. बाई स्वयंपाकघरात होत्या. "ओळखते," मी म्हणाले.

"कशी आहे ती?"

"चांगली आहे."

"चांगलीच असणार. लहानपणी शेजाऱ्यांचा कुत्रा सुटला की मी भिंतीवर चढून बसायचो. आणि ही एवढीशी, त्याचा पट्टा धरून त्याला घरी सोडून यायची. आमच्या घरात भक्कम माणूस ती एकच. मी नुसता आकाराने मोठा." "तिला हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर डोक्यावर बसली असती. पण तिकडे ती एकटी आहे. भेटलीस तर सांग तिला."

भांड्यांचा आवाज थांबला होता. पावलं वाजली, फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली, आणि बाईंचा श्वास मला ऐकू आला.

"काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलंत ना, मॅडम."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "तरी तू सांग."